डासाला जात कळत नाही, फवारणीला कळते

(आपल्या वस्तीतल्या एका मित्राची हिवताप प्रकल्पाचा जिल्हा प्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्याच्या निरोपाच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं सावरून.)

मित्रांनो, आणि ज्याच्यासाठी आज आपण जमलो तो माझा भाऊ,

मी डॉक्टर नाही. दहावी पास आहे. गोदीत माल उतरवतो आणि पाळी संपली की जमेल तशा कविता लिहितो. मलेरियावर बोलायला मला कशाला उभं केलं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण आपला हा मित्र शेजारच्या राज्यात एका डोंगरी जिल्ह्यात चाललाय. पैसा बाहेरच्या देणगीदाराचा, जीप सरकारची, आणि खुर्ची याची. सफाई कामगाराचा पोरगा साहेब होऊन चाललाय. ही गोष्ट साधी नाही, मला तिचा अभिमान आहे. पण हार घालायला इथं पुष्कळ जण आहेत. मी त्याला दोन भिंती दाखवणार आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही, गोदीत येण्याआधी मी गडचिरोलीकडं दोन हंगाम फवारणी केली. हंगामी फवारणी कर्मचारी, असं आमचं सरकारी नाव. हंगामी म्हणजे पाऊस आला की माणूस, पाऊस गेला की कोणी नाही. एकोणीस वर्षांचा होतो. बादलीत पंप उभा करायचा, एकानं दांडा मारायचा, दुसऱ्यानं नळी धरायची. भिंतीपासून हातभर लांब राहून वरून खाली, खालून वर पट्टे मारत जायचं. वाळल्यावर भिंतीवर पांढरट डाग राहतात. संध्याकाळी जेवताना हाताला पावडरचा वास यायचा. तोंडाला बांधायला फडकं ज्याचं त्यानं घरून आणायचं.

हे काम कशासाठी, ते मला एका म्हाताऱ्या पर्यवेक्षकानं समजावलं. पुस्तकातल्यापेक्षा चांगलं समजावलं. म्हणाला, "डासाची मादी रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर बसते. भिंतीवर औषध असलं तर मरते. हिवतापाचा जंतू तिच्या पोटात पिकायला दहा-बारा दिवस लागतात. त्याच्या आत ती मेली तर पुढच्या माणसाला ताप नाही. आपण डास मारत नाही रे पोरा, आपण साखळी तोडतो." आणि मग म्हणाला, "पण गावातली भिंत न् भिंत पाहिजे. निम्मं गाव मारून निम्मा ताप जात नाही."

हे वाक्य ध्यानात ठेवा. आता पहिली भिंत.

एका मोठ्या गावात आम्ही शिरलो. आमच्या वस्तीपासून सुरुवात केली. बायांनी भांडीकुंडी, गोधड्या, धान्याच्या कणग्या सगळं अंगणात काढून ठेवलं. तसबिरी उतरवल्या. बाबासाहेबांचा फोटो एका आजीनं पदरात गुंडाळून मांडीवर घेतला आणि म्हणाली, मारा आता. सगळ्या खोल्या, सगळ्या भिंती. मग आम्ही वर पाटलाच्या वाड्यात गेलो. ओसरी मारली. गोठा मारला. आत पाय टाकणार तर पाटलीणबाई दारात उभ्या. "सैपाकखोलीत नको जाऊ रे. देवघरात तर नाहीच. बाहेरूनच मार." माझ्या जोडीदाराचं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. माझं विचारायची गरज पडली नाही, मला गावात ओळखत होते.

औषधाच्या वासाची तक्रार असती तर मी समजलो असतो. पुष्कळ घरी ती असते. पण त्याच बाईंनी टोळीतल्या तिसऱ्या पोराला, जो आमच्यातला नव्हता, विचारलं की तू एकटा आत येतोस का. तो गेला. त्याला एकट्याला दांडा मारून नळी धरता येईना. दोन पट्टे मारले न मारले, बाहेर आला. वहीत लिहिलं गेलं: खोल्या सात, फवारल्या सात.

मित्रांनो, ही सातातली तीनची चोरी कुणी केली? पाटलीणबाईंनी? जातीनं? आम्ही? वहीनं? डासाला जात कळत नाही. तो वाड्यात रक्त पितो, देवघराच्या गार भिंतीवर दिवसभर निवांत बसतो आणि रात्री उडत खाली वस्तीत येतो. आमच्या म्हातारीनं बाबासाहेबांना मांडीवर घेऊन घर उघडं केलं, ते फुकट गेलं. अस्पृश्यता पाळणाऱ्याला पाप लागतं की नाही ते मला माहीत नाही. पण त्यानं ताप पसरतो, हे मी नळी धरून पाहिलंय.

आता दुसरी भिंत. ती सांगायला मला जड जातं, कारण तिथं दोष दुसऱ्यावर टाकायला कोणी नाही.

जंगलातलं एक गोंडांचं टोल, पंधरा-सोळा घरं. सप्टेंबरची दुसरी फेरी. आम्ही तिथं पोचलो तर पाच घरांना कडी. माणसं धानाच्या जागलीला शेतावर, मचाणावर. परत यायला अंधार होणार. वरून निरोप असा की या आठवड्यात उद्दिष्ट पुरं झालं पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल. आमची मजुरी आधीच दोन महिने अडकलेली. त्यातलं एक घर मला ठाऊक होतं. पहिल्या फेरीत तिथल्या मावशीनं आम्हाला आंबील प्यायला दिली होती. तिची सहा-सात वर्षांची पोर पंपाचा दांडा मारून बघायची, हसायची. मी त्या पाच घरांपुढं पाच बरोबरच्या खुणा केल्या. माझ्या हातानं. कुणी पेन धरायला लावला नाही. आणि आम्ही जीपच्या रस्त्याला लागलो.

दिवाळीच्या आधी तिकडं परत जाणं झालं, दुसऱ्या कामानं. पोर दिसली नाही. विचारलं. ताप आला, आशाताईनं बोट टोचून तपासलं, मेंदूवर जाणारा मलेरिया निघाला. गोळ्या सुरू केल्या, पण पोर शुद्धीत राहीना. रस्त्यापर्यंत खाटेवरून आणली. गाडी मिळेपर्यंत रात्र गेली.

भिंत मारली असती तर ती वाचली असती का? सांगता येत नाही. जागलीला मचाणावरही डास चावतो, तिथं भिंत कुठाय? हे मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. पण माझी खूण खोटी होती, हे त्यानं बदलत नाही. त्या खुणेमुळं कागदावर ते घर सुरक्षित होतं. सुरक्षित घराकडं परत कोण जातं? मी कोरा रकाना ठेवला असता तर कोणीतरी विचारलं असतं, हे घर का राहिलं? कोरा रकाना ओरडतो, खोटी खूण गप्प बसते. पुढच्या हंगामाला मी गेलो नाही. मुंबईत आलो, गोदीत लागलो. इथं निदान पोतं उचललं की उचललेलं असतं.

आता तू म्हणशील, हे गावातलं झालं, पैशाचं आणि नेतृत्वाचं काय? तिकडंच येतो.

या रोगाचा इतिहासच बघ. ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. रोनाल्ड रॉस या इंग्रज डॉक्टरानं डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. तो डास ज्याच्या अंगावर बसवला त्या रोग्याचं नाव हुसेन खान. एका डासाला चावू दिलं की एक आणा. ज्याच्या रक्तातून शोध लागला त्याचा दर एक आणा. आपल्या काळात आशाताईला तापाचा एक माणूस तपासायला १५ रुपये ठरवले, आणि रोग्याला पूर्ण औषध घालून बरा केला तर ७५. काळ पुढं गेला, पण जो रोग्याच्या जवळ आहे तो नगावरच मोजला जातोय.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा सरकारी अंदाज होता. १९४५ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतात, धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरोघर डीडीटी मारून हे आटोक्यात येतं हे दाखवलं. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला अमेरिकेची मदत आली: डीडीटी, पंप, गाड्या. १९५८ साली नियंत्रण हा शब्द जाऊन निर्मूलन आला. त्याच वर्षी विश्वनाथन यांचं पुस्तक निघालं आणि त्याच्या नावातच भारत-अमेरिका सहकार्य आहे. मी उगीच शिव्या घालणार नाही. ती मदत खरी होती. समुद्रावरून आलेली ती पोती कुठल्यातरी बंदरात आपल्यासारख्यांनीच पाठीवरून उतरवली असणार आणि त्यांनी लाखो पोरं वाचली. १९६१ साली देशभरात रोग्यांची नोंद पन्नास हजारांच्या आसपास आली. साडेसात कोटींवरून पन्नास हजार!

आणि मग? साहेबलोकांनी विजयाचे अहवाल लिहिले. डीडीटी वेळेवर पोचेना. डासांना ती पचायला लागली. फवारणी थांबवून ज्या जिल्ह्यांत नुसती देखरेख ठेवायची होती, तिथं देखरेख करायला गावात दवाखानाच नव्हता. शहरांकडं नीट लक्षच दिलेलं नव्हतं. १९७६ साली नोंद झालेले रोगी ६४ लाखांच्या वर गेले. पंधरा वर्षांत पन्नास हजाराचे चौसष्ट लाख.

श्रीलंकेत याहून वाईट झालं. १९६३ साली तिथं फक्त १७ रोगी उरले. सतरा! फवारणी आवरली, खर्च आवरला. १९६८-६९ मध्ये साथ उसळली आणि पाच लाखांहून जास्त लोक तापानं पडले. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. तोच देश चिकाटीनं मागं लागला, युद्ध चालू असतानाही काम सोडलं नाही, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मलेरियामुक्त ठरवलं. म्हणजे हे होतं. पण ज्यांचं दुखणं आहे त्यांनी ते आपलं काम मानलं तरच होतं.

१९९७ साली आपल्याकडं पुन्हा बाहेरचा पैसा आला, आदिवासी जिल्ह्यांसाठी, जागतिक बँकेचा. महाराष्ट्रही त्यात होता. ते कर्ज होतं, दान नव्हतं. २००२ साली ग्लोबल फंड निघाला, त्याचाही पैसा या देशात मच्छरदाण्यांना, औषधाला आला. प्रत्येक पैशाला शेवटची तारीख असते. डासाला शेवटची तारीख नसते.

आणि तारखेआधीही पैसा जातो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर बसला आणि पहिल्याच दिवशी परदेशी मदत थांबवायचा हुकूम निघाला. १ जुलै २०२५ ला यूएसएड या संस्थेनं परदेशी मदतीचं काम बंद केलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत मच्छरदाण्या, तपासणीच्या पट्ट्या, औषधं तिच्या हातून जात होती. जगात २०२३ या एका वर्षात मलेरियानं सुमारे सहा लाख माणसं मेली, त्यातली शंभरातली पंच्याण्णव आफ्रिकेत, आणि तिथं मेलेल्यांत चारातली तीन पाच वर्षांच्या आतली पोरं. वॉशिंग्टनमध्ये एक सही होते आणि तिकडं एका बाईला सांगतात, औषध संपलं, पुढच्या महिन्यात ये.

गोदीवाला म्हणून एक गोष्ट सांगू? आपल्या मुंबईत टाक्यांत, विहिरींत वाढणारा हिवतापाचा जो डास आहे, स्टेफेन्सी नावाचा, तो २०१२ साली आफ्रिकेत जिबूती बंदराच्या शहरात सापडला. मग इथिओपियात. मालाबरोबर जहाजातून गेला असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. डासाला पासपोर्ट लागत नाही, निविदा लागत नाही. मदत मात्र सरहद्दीवर अडते.

म्हणून भावा, तुला माझं सांगणं आहे. मी तुझ्याएवढा शिकलो नाही, पण नळी धरलीय.

एक. पहिल्या दिवशी पंप तू मार. जीपमधून उतर, फडकं बांध, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या वाड्याच्या देवघरात तू आधी शीर. तिथं अडवलं तर प्रकल्पाच्या प्रमुखाला अडवलं असं होईल. आमच्यासारख्या पोराला अडवलं तर नुसतं "असंच चालतं" होतं. घरमालकानं फवारणाऱ्याची निवड करायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी कर आणि शेवटपर्यंत मोडू देऊ नको.

दोन. कोऱ्या रकान्याला शिक्षा देऊ नको. जो पोरगा येऊन म्हणेल की पाच घरं राहिली, त्याला चहा पाज, आणि संध्याकाळी माणसं शेतावरून परतली की त्याच्याबरोबर पुन्हा जा. देणगीदाराला शंभर टक्के आवडतात. तू त्याला एकाहत्तर टक्के दाखव आणि उरलेले एकोणतीस का राहिले ते लिही. तो रागावेल. रागावू दे. तुझी खुर्ची त्या खऱ्या आकड्यावर टिकत नसेल तर ती खुर्ची आपली नव्हेच.

तीन. तारीख बघ, आणि माणसं कधी घरी असतात ते बघ. दिवाळीला बाया भिंती सारवतात, आदल्या महिन्यात मारलेलं औषध शेणामातीखाली जातं. हे त्यांना दटावून सुटत नाही. आधी बसून विचार, तुम्ही कधी सारवणार? त्याप्रमाणं फेरी लाव. जागलीवर झोपणाऱ्याला भिंत नाही, त्याला मच्छरदाणी दे.

चार. फवारणाऱ्याची मजुरी महिन्याच्या महिन्याला. हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, पायात बूट. ज्याला दोन महिने पगार नाही त्याच्याकडून खऱ्या खुणांची अपेक्षा करायची लाज वाटली पाहिजे. आणि त्याच गावातली पोरं-पोरी शिकवून पक्की लाव. तुझा प्रकल्प तीन वर्षांनी उठेल, ते तिथंच राहतील.

पाच. पैसा. बाहेरचा पैसा घे, लाजू नको. पण पहिल्या वर्षापासून सरकारच्या अंदाजपत्रकात त्या कामाची जागा मागायला लाग. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी निघाला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. निघालेल्या कोळशावर उपकर, आणि त्या पैशातून खाणकामगारांची घरं, दवाखाने, हिवतापाविरुद्धचं काम. त्यात कुणाची दया नव्हती. ज्याच्या घामातून कोळसा निघाला त्याचा त्या पैशावर हक्क होता. तुझ्या डोंगरी जिल्ह्यातूनही लोखंड, लाकूड, दगड जात असेल. मी ते लोखंड जहाजात भरत असेन. जिथून एवढं जातं तिथं एका पोरीच्या औषधाला परक्याच्या सहीची वाट का बघावी लागते? हा प्रश्न तू साहेबांच्या बैठकीत विचार. आम्ही रस्त्यावर विचारू.

आणि शेवटचं. दर महिन्याचा हिशोब आधी टोल्यावर, वस्तीवर वाचून दाखव, त्यांच्या भाषेत, मग वर पाठव. इतकी घरं मारली, इतकी राहिली, इतक्यांना ताप, इतके गेले. माझी ती पाच घरांची यादी त्या मावशीपुढं वाचली असती तर ती तिथंच म्हणाली असती, माझ्या घराला तर कडी होती रे बाबू. आणि माझी खूण तिथंच पुसली गेली असती. नेतृत्व म्हणजे काय ते मला भाषणात सांगता येत नाही. पण त्या मावशीला "खोटं" म्हणता यावं अशी जागा जो करतो, तो पुढारी. बाकीचे जीपमधले.

मला पाळीला जायचंय, जहाज लागलंय. तू पोचल्यावर पत्र टाक. त्यात तुझे टक्के लिहू नको. राहिलेल्या घरांचा आकडा लिही. तो वाचून मला झोप येईल.

जय भीम.